अँटीटमचा मका, हिंगणघाटचा कापूस

बाईंना विचारा : वाचकांचे प्रश्न आणि नागपूरच्या एका निवृत्त इतिहास शिक्षिकेची उत्तरे

गेल्या अंकात लिंकनविषयीच्या प्रश्नाला उत्तर देताना मी जाता जाता लिहून गेले की, १७ सप्टेंबर १८६२ रोजी अमेरिकेच्या मेरीलँड राज्यात अँटीटम नावाच्या ओढ्याकाठी जी लढाई झाली, तिचा आपल्या वऱ्हाड-नागपूरच्या कापसाशी संबंध आहे. त्यावर पत्रांचा असा गठ्ठा आला की आमच्या पोस्टमनने ‘बाई, निवडणुकीला उभ्या राहून राहिल्या का?’ असं विचारलं. म्हणून यावेळची सगळी पाने त्याच लढाईला. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : अमेरिकेच्या यादवी युद्धात एवढ्या लढाया झाल्या, मग अँटीटमचंच नाव ‘सर्वांत रक्तरंजित दिवस’ म्हणून का घेतात? लढाई कशी झाली, आणि जिंकलं कोण?
(निवृत्त सुभेदार, कामठी)

सुभेदारसाहेब, धड जिंकलं कोणीच नाही. हे आधीच सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

सप्टेंबरच्या सुरुवातीला दक्षिणेचा, म्हणजे अमेरिकेतून फुटलेल्या गुलाम बाळगणाऱ्या राज्यांचा, सेनापती रॉबर्ट ली पोटोमॅक नदी ओलांडून उत्तरेच्या, म्हणजे लिंकनच्या सरकारच्या, ताब्यातल्या मुलखात शिरला. व्हर्जिनियातली शेतं फौजांनी तुडवून काढली होती, त्यांना उसंत हवी होती. उत्तरेत निवडणुका तोंडावर होत्या. आणि परक्या अंगणात एक ठसठशीत विजय मिळवला, तर इंग्लंड-फ्रान्स दक्षिणेला स्वतंत्र देश म्हणून मान्यता देतील, ही आशा होती. पुढे जे झालं ते कादंबरीत लिहिलं तर संपादक ‘पटत नाही’ म्हणून कापून टाकेल. लीने सैन्य अनेक तुकड्यांत वाटलं होतं. त्या हुकुमाची एक प्रत, तीन सिगारींभोवती गुंडाळलेली, फ्रेडरिक गावाजवळच्या एका सोडलेल्या तळावर उत्तरेच्या शिपायांना १३ सप्टेंबरला सापडली. शत्रूचा अख्खा बेत हातात! पण उत्तरेचा सेनापती जॉर्ज मॅक्लेलन असा गृहस्थ की शत्रूची माणसं त्याला नेहमी दुप्पट दिसत. तो निघाला, पण रमतगमत. तेवढ्यात लीने शार्प्सबर्ग गावापाशी जमेल तेवढं सैन्य गोळा केलं. तरीही त्याच्याकडे चाळीस हजारांच्या आसपासच माणसं होती, आणि मॅक्लेलनकडे त्याच्या दुपटीच्या घरात.

१७ तारखेला उजाडता उजाडता तोंड लागलं ते डेव्हिड मिलर नावाच्या शेतकऱ्याच्या मक्यात. चोवीस-पंचवीस एकरांचं शेत, कापणीला आलेला, पुरुषभर उंचीचा मका. त्यात लपलेल्या शिपायांची फक्त संगिनींची टोकं उन्हात चमकत होती. उत्तरेच्या तोफांनी तो मका जमिनीबरोबर केला, आणि मग सकाळभर ते शेत पुन्हा पुन्हा या हातातून त्या हातात गेलं. दक्षिणेकडून लढणारी टेक्सासची पहिली पलटण २२६ जणांनिशी त्या मक्यात शिरली होती, त्यातले १८६ मारले गेले, जखमी झाले किंवा हरवले. शेताच्या पलीकडे डंकर पंथाचं एक पांढरं, बिनशिखराचं प्रार्थनाघर होतं. हे डंकर म्हणजे युद्धच न मानणारी माणसं! तोफांचे गोळे त्यांच्या भिंतीला भगदाडं पाडत होते.

माझी लेक मेरीलँडमध्ये नोकरीला आहे, म्हणून मला ते मैदान पायी फिरता आलं. सगळ्यात लक्षात राहिली ती मधली वाट. आपल्या खेड्यांत दोन शेतांमधून पांदण जाते ना, वर्षानुवर्षं गाड्यांच्या चाकांनी खोल गेलेली, अगदी तशी. दक्षिणेचे शिपाई त्या पांदणीत आयता खंदक मिळाला म्हणून उतरून बसले. तीनेक तास त्यांनी समोरून येणारी ओळीवर ओळ झोपवली. मग उत्तरेच्या माणसांना अशी एक जागा सापडली की जिथून पांदणीची लांबी सरळ बंदुकीच्या टप्प्यात येत होती. आता खंदकाचा सापळा झाला. तेवढ्या टापूत दोन्हीकडचे मिळून साडेपाच हजारांच्या आसपास माणसं पडली. तिला आजही ‘ब्लडी लेन’च म्हणतात. मी गेले तेव्हा तिथे शाळेची सहल आली होती, आणि पोरं कुंपणावर बसून सँडविच खात होती. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

दुपारी खालच्या अंगाला एका अरुंद दगडी पुलावर तिसरा खेळ. पलीकडच्या टेकाडावरून जॉर्जियाच्या जेमतेम पाचशे नेमबाजांनी उत्तरेच्या जनरल बर्नसाइडच्या हजारो माणसांना तीन तास अडवून धरलं. ओढा काही ठिकाणी उतरून जाण्याजोगा होता, पण ते उतार शोधण्यात वेळ गेला. शेवटी पूल हाती आला, बर्नसाइडची माणसं शार्प्सबर्गच्या वेशीपर्यंत आली, आणि नेमक्या त्याच वेळी दक्षिणेच्या ए. पी. हिलची तुकडी हार्पर्स फेरीहून सतरा मैल चालत येऊन त्यांच्या कुशीत घुसली. संध्याकाळी सगळे होते तिथेच.

हिशेब असा : उत्तरेचे सुमारे १२,४००, दक्षिणेचे सुमारे १०,३००. मेलेले, जखमी आणि बेपत्ता धरून २२,७००च्या आसपास. त्या एका दिवसात जिवानिशी गेले ते साडेतीन हजारांहून जास्त, आणि जखमांनी पुढच्या दिवसांत मेले ते वेगळेच. गेटिसबर्गचा आकडा याच्या दुपटीहून मोठा आहे, पण ती लढाई तीन दिवस चालली. एका दिवसापुरतं अमेरिकेच्या इतिहासात अँटीटमच्या वर काही नाही.

१८ तारखेच्या रात्री ली नदी ओलांडून परत गेला. मॅक्लेलनकडे वीस हजारांहून जास्त ताजी, न लढलेली माणसं राखीव होती, आणि त्याने ती वापरली नाहीत. तुम्ही फौजेत राहिलेले आहात, यावर काय म्हणायचं ते तुम्हीच म्हणा. लिंकनने नोव्हेंबरात त्याला घरी बसवलं.

प्रश्न : एवढ्या जखमींचं काय केलं? तेव्हा निर्जंतुकीकरण तर नव्हतंच.
(निवृत्त परिचारिका, मेडिकल चौक, नागपूर)

नव्हतं. लिस्टरची जंतुनाशक शस्त्रक्रिया १८६७ची. आसपासची प्रत्येक कोठी, प्रत्येक चर्च, प्रत्येक घर दवाखाना झालं. सतरा हजारांच्या वर जखमी होते. पण सिनेमात दाखवतात तसे शुद्धीवरच्या माणसाचे पाय कापत होते, हे बहुतेक ठिकाणी खरं नाही. क्लोरोफॉर्म होतं आणि सर्रास वापरलं जात होतं.

या लढाईतून तुमच्या पेशाला दोन गोष्टी मिळाल्या. जोनाथन लेटरमन नावाच्या डॉक्टरने नुकतीच रुग्णवाहिकांची स्वतंत्र तुकडी बांधली होती. त्याआधी जखमी उचलायचं काम बँडवाल्यांवर आणि हाताला लागेल त्या शिपायावर होतं. अँटीटमला ती रचना कसाला लागली. मैदानावर पट्टी, मागे तात्पुरता दवाखाना, त्याच्या मागे मोठं रुग्णालय, अशी ती साखळी. १८६४मध्ये अमेरिकी संसदेने ती सगळ्या सैन्याला लागू केली. दुसरी, क्लारा बार्टन. ती गाडीभर सामान घेऊन पोचली तेव्हा सर्जन जखमांवर मक्याच्या कणसांची पानं बांधत होते. एका जखमीला ती पाणी पाजत असताना तिच्या बाहीतून गोळी आरपार गेली आणि तो माणूस मेला. पुढे १८८१मध्ये अमेरिकन रेड क्रॉस तिनेच काढली. एवढं होऊनही त्या युद्धात गोळीपेक्षा हगवण, विषमज्वर आणि हिवतापाने जास्त शिपाई मेले, हे तुम्हाला सांगायची गरज नाही.

प्रश्न : युद्धाचे पहिले फोटो याच लढाईचे का?
(फोटो स्टुडिओवाले, सदर)

युद्धाचे पहिले नव्हेत. क्रिमियाच्या युद्धाचे त्याआधीचे आहेत. पण अमेरिकेच्या जमिनीवर पडलेली प्रेतं अमेरिकी माणसाने फोटोत पाहिली ती पहिल्यांदा इथलीच. अलेक्झांडर गार्डनर लढाईनंतर दोनच दिवसांत कॅमेरा आणि काचा घेऊन पोचला, तेव्हा काही प्रेतं अजून पुरायची राहिली होती. ऑक्टोबरात न्यूयॉर्कला मॅथ्यू ब्रॅडीच्या गॅलरीत ते फोटो लावले आणि लोक रांगा लावून जिने चढले. वर्तमानपत्रं तेव्हा फोटो छापू शकत नव्हती, म्हणून लाकडावर कोरून काढलेली चित्रं छापली. पांदणीतले मृतदेह त्या फोटोंमध्ये आहेत, डंकरांचं घरही आहे.

प्रश्न : अमेरिकेच्या लढाया कशाला? आपली सीताबर्डीची लढाई दिसत नाही का?
(नाव-गाव नाही)

दिसते. नोव्हेंबर १८१७. तिच्यावर या सदरात लिहून झालं आहे, पुन्हाही लिहीन. नाव-गाव लिहीत जा.

प्रश्न : एमपीएससीच्या पुस्तकांत गेटिसबर्ग हा यादवी युद्धाचा टर्निंग पॉइंट दिला आहे. तुम्ही अँटीटम का म्हणता?
(विद्यार्थी, प्रतापनगर)

परीक्षेत गेटिसबर्ग लिही, गुण घे. त्यानंतर हे वाच.

१८६२च्या उन्हाळ्यापर्यंत उत्तरेची अधिकृत भूमिका एवढीच होती की फुटलेली राज्यं परत आणायची. गुलामगिरीचं काय, यावर लिंकन जपून बोलत असे, कारण मेरीलँड, केंटकीसारखी गुलाम बाळगणारी राज्यं त्याच्याच बाजूला होती. २२ जुलै १८६२ला त्याने मंत्रिमंडळापुढे मुक्तीच्या जाहीरनाम्याचा मसुदा ठेवला. परराष्ट्रमंत्री सीवर्ड म्हणाले, आत्ता नको. आपण हरतो आहोत, अशात हे जाहीर केलं तर बुडत्याची आरोळी वाटेल. एखादा विजय येऊ द्या. लिंकनने कागद खणात टाकला आणि दोन महिने थांबला. अँटीटमला विजय म्हणणं तसं धाडसाचंच, पण ली परत गेला होता. लिंकनला तेवढं पुरलं. लढाईनंतर पाचव्या दिवशी, २२ सप्टेंबरला, जाहीरनामा बाहेर आला : १ जानेवारी १८६३पर्यंत जी राज्यं बंडात राहतील, तिथले गुलाम स्वतंत्र.

युद्ध कशासाठी आहे, हेच त्या दिवशी बदललं. गेटिसबर्गने युद्धाची दिशा पक्की केली असेल, पण युद्धाचा विषय अँटीटमने ठरवला. म्हणून मी तिला वरची जागा देते. इंग्लंडचं काय झालं ते खाली हिंगणघाटच्या पत्रात सांगते, तिथे ते जास्त कामाचं आहे.

प्रश्न : त्या जाहीरनाम्याने प्रत्यक्षात किती गुलाम सुटले? की तो नुसता डावपेच होता?
(प्राध्यापिका, इंदोरा)

डावपेच होताच. बंडखोर राज्यांनाच तो लागू होता, म्हणजे जिथे लिंकनचा हुकूम चालत नव्हता तिथेच! ज्या मेरीलँडच्या मातीत ही लढाई झाली, तिथल्या गुलामांना त्याचा काहीच लाभ नव्हता. ते सुटले १ नोव्हेंबर १८६४ला, त्या राज्याच्या नव्या घटनेने. पण नुसता डावपेच म्हणून उडवून लावायला मी तयार नाही. उत्तरेची फौज जसजशी पुढे सरकली, तसतसा तो कागद खरा होत गेला. त्यानेच काळ्या माणसांना सैन्याचं दार उघडलं, आणि युद्ध संपेपर्यंत सुमारे १,८०,००० काळे सैनिक उत्तरेच्या फौजेत लढले. डिसेंबर १८६५मध्ये तेरावी घटनादुरुस्ती झाली आणि सुमारे चाळीस लाख माणसं कायद्याने कोणाची मालमत्ता राहिली नाहीत.

आपल्याकडे याची दखल कोणी घेतली, तर ती पुण्यात जोतीराव फुल्यांनी. १८७३चं ‘गुलामगिरी’ त्यांनी अर्पण केलं आहे ते अमेरिकेतल्या सज्जन लोकांना, निग्रोंना दास्यातून मुक्त करण्याच्या कामी त्यांनी दाखवलेल्या त्यागाबद्दल आदर म्हणून. मराठी पुस्तक आणि अर्पणपत्रिका अमेरिकेला! अर्ध्या पृथ्वीपलीकडे चाललेली लढाई फुल्यांनी आपल्या प्रश्नाशी जोडून वाचली. तेव्हाच्या किती विद्वानांना ते सुचलं?

पुढचं फुल्यांना दिसणार नव्हतं. १८७७मध्ये उत्तरेने दक्षिणेतून आपली फौज काढून घेतली, आणि मतदान, शाळा, आगगाडीचे डबे, सगळीकडे काळ्यांना पुन्हा वेगळं काढण्यात आलं. ते कायद्याने मोडायला १९६४ आणि १९६५ उजाडावं लागलं. बाबासाहेब १९१३मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले, ते या मधल्या काळात. १९४६मध्ये त्यांनी काळ्यांचे पुढारी डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांना पत्र लिहून, निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडे जो अर्ज केला त्याच्या प्रती मागवल्या होत्या. अस्पृश्यांनाही तो मार्ग घेता येईल का, हा विचार त्यामागे होता. तुमच्या विद्यार्थ्यांना दीक्षाभूमीवर नेताना ही पत्रापत्री जरूर सांगा.

प्रश्न : आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या सांगतात की अमेरिकेत लढाई लागली तेव्हा आपल्याकडच्या कास्तकारांनी बंडीच्या चाकांना चांदीच्या धावा, म्हणजे कड्या, बसवल्या. हे खरं का? आणि एका लढाईने कापसाचा भाव कसा वाढेल?
(जिनिंगवाले, हिंगणघाट)

चांदीच्या धावांची गोष्ट वर्धा जिल्ह्यात मी अनेक घरांत ऐकली आहे. ती निव्वळ घरगुती नाही. त्या काळच्या इंग्रजांच्या लिखाणातही चांदीचे फाळ आणि चांदीच्या धावा यांचा उल्लेख येतो. एखाद्या हौशी मालगुजाराने केलंही असेल. पण चांदीची धाव या काळ्या मातीत एक पावसाळा टिकेल का, याचं उत्तर तुम्ही मला द्या.

आता भाव. युद्धाआधी इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांत जाणाऱ्या दर पाच गाठींपैकी जवळपास चार अमेरिकेच्या दक्षिणेतून येत, म्हणजे गुलामांनी वेचलेल्या. एप्रिल १८६१मध्ये युद्ध पेटलं आणि लिंकनने दक्षिणेची बंदरं बंद केली. आधीचा साठा होता तोवर चाललं. १८६२च्या शेवटी लँकेशायरमध्ये चार-पाच लाख माणसं मदतीच्या अन्नावर जगत होती. भाव चढले ते या नाकेबंदीने, एका लढाईने नव्हे. लढाईने केलं ते वेगळं. सप्टेंबर १८६२मध्ये इंग्लंडचे पंतप्रधान पामर्स्टन आणि परराष्ट्रमंत्री रसेल यांच्यात मध्यस्थी करून हे युद्ध थांबवण्याची चर्चा चालू होती. ली मेरीलँडमध्ये जिंकला असता तर ती पुढे गेली असती. अँटीटमची बातमी आली, पामर्स्टन म्हणाले थांबू या, आणि नोव्हेंबरात मंत्रिमंडळाने विषय मिटवला. जानेवारीनंतर तर हे युद्ध गुलामगिरीविरुद्धचं झालं. त्यात गुलाम बाळगणाऱ्यांच्या बाजूने उतरायची कोणत्याच इंग्रज सरकारची छाती नव्हती. १८६२च्या शेवटच्या दिवशी मँचेस्टरच्या कामगारांनी, चुली बंद असताना, लिंकनला पाठिंब्याचं पत्र पाठवलं. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत मोठी माणसं ती वाटतात.

तेव्हा माझं मत असं, आणि ते मत आहे : अँटीटम वेगळी झाली असती तर नाकेबंदी लवकर उठली असती आणि कापसाची तेजी दोन वर्षं आधीच बसली असती. युद्ध चालू राहिलं, एप्रिल १८६५पर्यंत, आणि मुंबईत कापूस तिप्पट-चौपट भावाने गेला.

तो पैसा थांबला कुठे? थोडा नक्कीच कास्तकाराकडे आला. लग्नं झाली, कर्जं फिटली, बंड्या आल्या. पण मोठा वाटा सावकार, अडते आणि मुंबईचे व्यापारी यांचा. आगगाडी तुमच्या हिंगणघाटला तर सोडाच, नागपूरलाही फेब्रुवारी १८६७मध्ये आली, म्हणजे तेजी संपून गेल्यावर. तेजीतला कापूस बंड्यांवर आणि बैलांच्या पाठीवर गेला. वाटेत भिजायचा, धुळीने माखायचा, कधी मुद्दाम माती-सरकी मिसळली जायची. लँकेशायरचे विणकर हिंदुस्थानच्या आखूड धाग्याच्या कापसाला, ज्याला ते सरसकट ‘सुरती’ म्हणत, इतके कंटाळले होते की देवा कापूस दे पण सुरती नको, अशी प्रार्थना सांगितली जाते. तुमच्या हिंगणघाटच्या बनी जातीच्या कापसाला मात्र तिकडे मान होता. त्याचा धागा लांब आणि तलम.

आणि तेजी उतरली तशी मुंबई कोसळली. प्रेमचंद रायचंदांसारखे बडे लोक, बॅक बेची जमीन भरण्याच्या कंपनीचे शेअर, सगळा डोलारा १ जुलै १८६५ला, वायद्याचे सौदे चुकते करायच्या दिवशी, खाली आला. राजाबाई टॉवर पाहता ना, तो त्याच प्रेमचंदांच्या देणगीतला.

आपल्याकडे मात्र कोसळण्याचा आवाज झाला नाही. इथे गोष्टी हळूहळू बसत गेल्या. कापूस आधीही होताच. भोसल्यांच्या काळापासून तो बैलांवर लादून मिर्झापूरपर्यंत जात होता. पण आता शेतसारा रोख भरायचा होता, त्याच दशकात मालगुजारीचा बंदोबस्त (गावच्या साऱ्याची ठरावणी) झाला, मागून आगगाडी आली, कापसासाठी खास सरकारी अधिकारी नेमला गेला, आणि ज्वारीच्या रानात कापूस सरकला. भाव उतरले तरी तो मागे सरकला नाही, कारण सावकार ज्वारीवर कर्ज द्यायला नाखूश आणि कापसावर तयार. पुणे-नगरकडे १८७५मध्ये सुप्यापासून शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, त्याच्या चौकशीतही कापसाच्या या चढ-उताराचा हिशेब मांडला गेला. म्हणून कोणी ‘अँटीटमच्या गोळीने विदर्भाचा कास्तकार मेला’ असं सरळ रेघेत सांगायला लागलं, की मी अडवते. अमेरिकेच्या युद्धाने मोह दाखवला. बाकीचं काम इथल्या शेतसाऱ्याने, आगगाडीने आणि सावकाराच्या वहीने केलं.

प्रश्न : माझे आजोबा एम्प्रेस मिलमध्ये होते. तुमचे वडीलही होते ना? ती गिरणी या युद्धामुळे आली, असं एका व्याख्यानात ऐकलं.
(बँक कर्मचारी, गणेशपेठ)

होते, रिंग खात्यात, म्हणजे सूतकताईत. घरी आले की भुवयांवर कापसाचा भुरा असायचा, आणि आई आधी ओलं फडकं द्यायची, मग चहा. भोंग्यावर आमची शाळा, जेवणं, सगळं चालायचं.

युद्धामुळे आली म्हणणं जरा ओढून ताणून आहे, पण धागा सापडतो. १८६५ची पडझड झाली तेव्हा जमशेटजी टाटा पंचविशीतले, वडिलांच्या कापसाच्या धंद्यासाठी लंडनला होते. हातातली हुंड्यांची भेंडोळी एका रात्रीत रद्दी झाली. घेणेकऱ्यांना तोंड देत तिथे राहावं लागलं, आणि लँकेशायरचा कापूसधंदा जवळून पाहायला मिळाला. घर पुढे अॅबिसिनियावरच्या (आजचा इथिओपिया) इंग्रज फौजेच्या मोहिमेच्या पुरवठ्यात सावरलं. चिंचपोकळीची एक गिरणी चालवून विकून झाली, आणि मग त्यांनी ठरवलं की गिरणी मुंबईत नको, कापूस पिकतो तिथे हवी. कापूस जवळ, वरोऱ्याचा कोळसा जवळ, आगगाडी दारात, म्हणून नागपूर. जुम्मा तलावाजवळची दलदलीची जागा स्वस्तात मिळाली. ती भरायला पैसा चालला होता तेव्हा एका मारवाडी सावकाराने, हा माणूस सोनं जमिनीत पुरतो आहे, म्हणून कर्ज नाकारलं होतं. पुढे त्याच सावकाराने कबूल केलं की याने माती टाकून सोनं काढलं. ही गोष्ट वडील मालकाच्या अभिमानाने सांगत. पगारवाढीचा विषय निघाला की मात्र सांगत नसत.

गिरणी सुरू झाली १ जानेवारी १८७७ला, व्हिक्टोरिया राणीला सम्राज्ञी जाहीर केलं त्या दिवशी, म्हणून ‘एम्प्रेस’. रिंग चात्या हिंदुस्थानात ज्यांनी फार लवकर वापरल्या, त्यांत ही गिरणी होती. लँकेशायरवाले तेव्हा अजून म्यूल नावाच्या जुन्या कताईयंत्रालाच चिकटून होते. इथला कापूस इथेच कातायचा, ही त्यातली खरी नवी गोष्ट. २००२मध्ये ती बंद झाली. आता तिथे मॉल आहे आणि नाव ‘एम्प्रेस’च ठेवलं आहे. तुमच्या आजोबांचं खातं कोणतं होतं, ते कळवा.

प्रश्न : आमच्या कापसाचा भाव परदेशात का ठरतो? हे केव्हापासून?
(तरुण शेतकरी, यवतमाळ)

त्याच दशकापासून, दादा. मार्च १८७०मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावची आगगाडीची शाखा सुरू करायला स्वतः आले, ते काही तिथलं हवापाणी चांगलं म्हणून नव्हे. तारयंत्र आलं आणि लिव्हरपूलचा भाव वऱ्हाडच्या बाजारात कळायला लागला. तेव्हापासून खरेदीदार तो भाव पाहून बोली लावतो. आज लिव्हरपूलच्या जागी न्यूयॉर्कचा वायदेबाजार आहे. ज्या अमेरिकेचा कापूस चार वर्षं बंद पडला म्हणून आपला चढला, ती अमेरिका आज जगातल्या सर्वांत मोठ्या कापूस निर्यातदारांत आहे. गुलाम गेले, कापूस गेला नाही. आधी कुळांनी आणि खंडकऱ्यांनी, मग यंत्राने वेचला. तिथल्या शेतकऱ्याला सरकारी आधार किती आणि तुला किती, हा तुझा खरा प्रश्न असावा असं पत्रावरून वाटतं.

महाराष्ट्राने हा भाव आपल्या हातात ठेवायचा प्रयत्न १९७२च्या कापूस एकाधिकार खरेदी योजनेने केला होता. ती का आली, कोणाला पावली आणि का गुंडाळली, ही वेगळी आणि लांब हकिगत आहे. तेवढाच प्रश्न पुढच्या महिन्याच्या १० तारखेच्या आत पाठव, आणि तुझ्या वडिलांना संकलन केंद्रावरच्या रांगा आठवत असतील तर तेही लिहून घे.